पांढरी रेघ

पोलादपूरच्या अलीकडच्या वळणावर कोंडाजीने पिकअप थांबवली. मागेपुढे कुणी नाही असं बघून तो खाली उतरला आणि मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पान्याने जरासे सैल केले. चाक निखळेल इतके नाही, अब्बासच्या हाताला कळेल इतके. मग हात पुसून निघाला.

दर गुरुवारी महाडच्या बाजारात किराणा भरायचा आणि थेट कुडपणपर्यंतच्या दुकानांना पोचवायचा, हा त्याचा धंदा. बायको, तुळसा, गेल्यापासून बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत तो एकटाच होता. शेजारचे सगळे कारखान्यातले, पाळीवरून येऊन मेल्यासारखे झोपणारे. बोलायचं कुणाशी, भिंतीशी? आठवड्यातून त्याच्याशी धड दोन शब्द बोलणारा माणूस एकच, पोलादपूरचा टायरवाला अब्बास. पण काम नसताना कुणाच्या दुकानात जाऊन बसणं कोंडाजीच्या रक्तातच नव्हतं. म्हणून मग ही नटांची भानगड.

"परत सैल?" अब्बासने चाकाजवळ बसत विचारलं.

"काय करणार, अब्बासभाय. रस्ताच तसला हाय."

अब्बासची पद्धत ठरलेली. एक नट आवळला की त्याच्या समोरचा घ्यायचा, शेजारचा कधी नाही. आधी सगळे हलके, मग सगळे घट्ट. पान्यावर पाय देऊन नाचणाऱ्या ड्रायव्हरांना तो सणसणीत शिव्या घालायचा. तोवर चहा उकळायचा आणि गप्पा रंगायच्या. कशेडीत कोसळलेली दरड, कुवेतला गेलेल्या अब्बासच्या पोराचा, अकिबचा, एसटीडीवर आलेला फोन, तुळसाच्या हातचं सुकट. कोंडाजीचा सगळा आठवडा त्या एका चहावर निघायचा.

त्या गुरुवारी मात्र अब्बास हसला नाही.

"घाटात चाक निघालं म्हंजे? बोल्टच बदलतो सगळे."

"कशाला उगाच?"

"कशाला काय? जिवावर उदार झालास काय रे?"

त्याने जॅक लावला, चाक उतरवलं, जुने बोल्ट ठोकून काढले आणि नवे बसवले. जुन्यातला एक उजेडात धरून निरखला, अंगठ्याने आटे चाचपले आणि डब्यात टाकला. आटे शाबूत होते, हे कोंडाजीलाही दिसलं.

चाक चढवून नट आवळल्यावर अब्बासने पांढऱ्या रंगाची डबी आणली. प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यावर उतरणारी एकेक बारीक रेघ ओढली.

"नट फिरला की रेघ तुटेल. तुझं तुलाच दिसेल. रेघ सरळ हाय तोवर माझ्याकडे फिरकायची गरज नाय."

पुढच्या गुरुवारी कोंडाजी वळणावर उतरला. पाना नटाला लावला, आणि काढून घेतला. नवे बोल्ट टाकूनही नट आपोआप सैल झाले, हे अब्बासला कोण पटवणार? चोरी उघडी पडायची आणि वर शोभा व्हायची. तो पोलादपुरात न थांबताच पुढे निघाला. दुकानासमोर रस्त्याच्या कडेला अब्बास उभा होता. असेल कुठल्या ट्रकची वाट बघत. कशेडी चढणारे निम्मे ट्रक त्याच्याकडे थांबतात, त्याला माणसांचा काय तोटा? कोंडाजीने हॉर्नसुद्धा दिला नाही. कुडपणचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना, आणि या वयात त्याला चक्क रडू आलं.

त्यापुढच्या गुरुवारीही अब्बास तिथेच उभा होता. या वेळी त्याने हात आडवा केला.

संपलं, कोंडाजी मनाशी म्हणाला. जुने बोल्ट बघून ह्याला सगळं कळलंय.

"बाजूला घे गाडी."

कोंडाजीने घेतली आणि मान खाली घालून उतरला. आता हाही माणूस गेला हातचा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. स्टोव्हवर चहा उकळून उकळून काळा पडला होता. अब्बास पाना घेऊन मागच्या डाव्या चाकाशी बसला.

"अब्बासभाय, मी तुला सांगणारच होतो, ते नट..."

"गप रे जरा."

अब्बासने एका नटाला पाना लावला, जोर दिला, मान हलवली. मग त्याच्या समोरच्या नटाला लावला.

"सैल हाय," तो वर न बघताच म्हणाला. "हा पण सैल. नव्या बोल्टांचं असंच असतं. दर गुरुवारी दाखवून जात जा."

कोंडाजी खाली वाकला. नटांवरून पत्र्यावर उतरलेल्या पांढऱ्या रेघा होत्या तशाच सरळ होत्या, त्यातली एकही तुटलेली नव्हती.