ओढ्यावरची चाळणी

धरणात बुडालेली दोन्ही गावं आता फक्त व्हीआर गेममध्ये उरली होती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हींकडच्या बायका डोळ्यांवर चष्मे चढवून ओढ्याच्या दोन काठांवर जमत आणि रिवाजाप्रमाणे एकमेकींना मनसोक्त शिव्या घालत. यंदा मात्र एका समितीला त्यात असभ्यता आढळली आणि तिने ओढ्यावर सभ्यतेची चाळणी बसवली.

कोंडाबाईला धुक्यात पलीकडे सगुणा दिसली. साठ वर्षांची शिव्यांची जोडीदारीण. कोंडाबाईने ठेवणीतली शिवी हासडली. तिच्या तोंडातून जाईची फुलं निघाली आणि पाण्यावरून तरंगत गेली.

"आदरणीय भगिनी," सगुणाचा आवाज आला, "आपली प्रकृती कशी आहे?"

कोंडाबाई शेजारी उभ्या सुनेकडे वळली.

"सगुणा गेली गं," ती म्हणाली. "तिच्या जागी मशीन बोलतंय."

"आत्या, ती चाळणी आहे. त्या बऱ्या असतील की."

"साठ वर्षांत तिनं कधी माझी प्रकृती विचारली नाही."

ती चष्मा काढणार, तोच पलीकडे सगुणाने पदर खोचला, वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि डाव्या हाताने भिरकावला. समितीने फक्त शब्दांचा विचार केला होता. गोळा कोंडाबाईच्या कपाळावर फुटला.

कोंडाबाई कोरडं कपाळ पुसतच राहिली.

"डावरी कुठली," ती पुटपुटली. "सूनबाई, मला वाकायला धर."

सुनेने तिला कमरेला धरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लख्ख फरशीवरून कोंडाबाईने ओंजळभर चिखल उचलला.