संतराम सुताराचा दुसरा घोडा

"शालूबाई, तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर हाय का?" गोजरबाईनं आडावरच विचारलं, आणि सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या.

शालूबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? कळमनुरीच्या माळावर जहागीरदाराचं दोन इंजिनांचं लहान विमान उतरलेलं. जमिनीवरून मिस्त्रीचा हात इंजिनापर्यंत पोचेना, म्हणून तिच्या संतरामला लाकडी घोडा करायला सांगितला. चार पाय, चढायला पायऱ्या, वर उभं राहायला फळी. एकच हवा होता. इकडचं इंजिन झालं की तिकडं ढकलायचा. अन् ह्या शहाण्यानं केले दोन!

"दोन बैलांना दोन गाड्या केल्या की संतरामनं!" पारावर तेच चाललेलं. त्यात दुसरा घोडा इतका बुटका, की त्यावर चढूनही इंजिन हाताला लागेना.

जेवताना तिनं छेडलंच. "काहून केलं असं? दिसंना का तुमाला?"

"चुकलं असंल," म्हणत संतरामनं ताटात डोकं घातलं.

आता काय म्हणावं ह्या भोळ्या सांबाला! लाकूड जहागीरदाराचं. नासाडी केली म्हणून उद्या चावडीवर उभं केलं तर? साऱ्या गावासमोर आपल्या माणसाची मान खाली गेलेली तिला बघवणार नव्हती. तिचा जीव तुटला.

सकाळीच ती दुखरा पाय ओढत माळावर गेली. मिस्त्री किसनसिंग मोठ्या घोड्यावर उभा होता, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. तिनं पदर पसरला.

"साहेब, माझा माणूस साधा हाय हो. नजर कमी झाली त्याची. तुमचं लाकूड वाया गेलं, पण त्याला चावडीवर नेऊ नका. मी ज्वारी देऊन भरून काढते."

किसनसिंग खाली उतरला. चिंधीला हात पुसत म्हणाला,

"वाया कुठं गेलं, बाई? त्यानं मजुरीच घेतली नाही, बदल्यात लाकूड मागून घेतलं. म्हणाला, मागच्या सुगीत पाखरं राखताना बायको मोडक्या मचाणावरून पडली, तिला चढायला तकलीफ होणार नाही असं एक करतो. अन् तुम्हाला सांगू नका म्हणाला होता. मजुरी सोडली म्हणून घर डोक्यावर घ्याल."