कावळ्यांचा बंदोबस्त

"तुमची काठी नाही म्हणून कावळ्यांचं फावलंय, अंबादासराव," म्हणत मी त्यांना जवळजवळ ओढतच गच्चीवर आणलं. बायको गेल्यापासून हा माणूस दार लावून एकटाच बसला होता. एरवी दर उन्हाळ्यात बिल्डिंगच्या पापडांची राखण त्यांचीच. पगार म्हणून तेलात बुडवलेल्या उडदाच्या लाट्या. यमुनाताई मात्र नवऱ्याला दोनच देत. "पापडखार असतो त्यात. बीपी वाढेल!"

टोपी घालून, छत्री उघडून साहेब ड्यूटीवर बसले. मी लाट्यांची अख्खी वाटीच पुढे ठेवली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी उचलून त्यांनी पापड लाटत बसलेल्या आम्हा बायकांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पटकन पोळपाटात डोकी घातली. आज बिचाऱ्यांना हवं तेवढं खाऊ द्यायचं, असं आमचं ठरलंच होतं.

पण लाटी काही तोंडात जाईना. हातात धरून ते नुसतेच बसून राहिले, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी लाटणं उगारलं. "ठेवा ती खाली! बीपी कोण सांभाळणार तुमचं? आणि उद्या सकाळी वेळेवर या, सांगून ठेवते!"

लाटी निमूट वाटीत गेली. अंबादासराव उठले, आमच्याकडे पाठ केली आणि जिथं एकही कावळा नव्हता त्या कोपऱ्याकडे काठी उगारून ओरडले, "हाऽऽड!"

आवाज चांगलाच कापरा होता. आम्ही पुन्हा पोळपाटात डोकी घातली.