भर श्रावणात बेडूक नाही

मुंबईच्या एका कॉलेजची पोरं आपल्या प्राणिशास्त्राच्या सरांबरोबर साप, सरडे, बेडूक शोधायला गडब गावाला आली होती. वाट दाखवायला गावचा काळुराम होता. सकाळपासून गुडघाभर चिखलात बांधन् बांध पालथा घातला, तेव्हा कुठे दोन सरडे दिसले. बेडूक मात्र औषधालाही नाही.

"काळुराम, भर श्रावणात एकसुद्धा बेडूक नाही? गेले कुठे सगळे?" सर वैतागले.

काळुराम कीड पडलेल्या भाताकडे बघत राहिला. दोन वर्षं डराव डराव ऐकू आलं नव्हतं, शेत मुकं होतं. आता त्याला त्या मुकेपणाचंही काही वाटेनासं झालं होतं.



"तुमच्याच लॅबात, सर. दर पावसाळ्यात पोरांना फाडायला दोन गोण्या बेडूक मागवायचात, त्या ओल्या करून एसटीच्या टपावरनं मीच आणून द्यायचो."