आकसलेली बरणी

हरिहरने प्लास्टिकच्या बरणीत उकळतं पाणी ओतलं, तेव्हा ती धडधाकट होती. सुखदा येईपर्यंत तिचं तोंड एका बाजूला मुरडलं होतं. सुखदाने झाकण फिरवून पाहिलं. एक आटा धरला आणि निसटला.

"हे काय केलंस?"

"तेलकट वास जात नव्हता." मग त्याने बरणी उलटी करून बुडावरची खूण वाचली. "पेट प्लास्टिकची आहे ना ही. फार गरम झालं की आकसतंच ते. पीपीची, म्हणजे पॉलिप्रोपिलीनची असती तर काही झालं नसतं."

सुखदाने कपाळाला हात लावला. चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे बंपर बनवणारा तिचा हा नवरा घरात प्लास्टिकवरून जीव नकोसा करायचा. या कपात चहा नको, तो पॉलिस्टायरिनचा. कुकरची मूठ बेकलाइटची, ती जळेल पण वितळणार नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"ओतताना नाही आठवलं?"

"घाईत होतो. स्टेशनजवळ तसल्या ढीगभर मिळतात, दुसरी आणतो."

दुसरी चालणार नव्हती. ही बरणी वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेची, निशिगंधाची होती. दिवाळीत ती चकल्या भरून आली आणि भाऊबीजेच्या भांडणात इथेच राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. काल निशिगंधाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'माझी लाल झाकणाची बरणी कुणाकडे आहे?' कुणाकडे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुखदाला एवढंच निमित्त हवं होतं. बरणी परत करायला जाणं म्हणजे काही नमतं घेणं नव्हे. रिकामी परत करायची नसते, म्हणून तिने डिंकाचे लाडू वळले होते. तेच स्टीलच्या डब्यातून नेले असते तर माफी मागायला गेल्यासारखं दिसलं असतं, आणि ते तिला जमणारं नव्हतं.

"हेअर ड्रायरने तोंड जरा गरम करून बघू का?" हरिहर म्हणाला.

"तू आता कशालाही हात लावू नकोस."

तिने बरणी पुसली. वाकड्या तोंडातून लाडू कसेबसे आत गेले. बरणी छातीशी धरून, तोंडावर तळहात ठेवून, दुसऱ्या हातात ते लाल झाकण घेऊन ती चरफडतच जिना चढली. बेल कोपराने वाजवली.

निशिगंधाने दार उघडलं. आधी बरणीकडे पाहिलं, मग झाकणाकडे.

"दादांनी गरम पाणी ओतलं?"

"तुला कसं कळलं?"

"आमच्याकडेही तेच झालंय. भाऊ-भाऊ एकाच कंपनीत." तिने झाकण घेतलं, लावून पाहिलं. लागेना. "हे लाडू उघडे ठेवून चालायचं नाही, वहिनी. मुंग्या लागतील."

"मग?"

निशिगंधा दारातून बाजूला झाली.

"मग काय, आत या. बसून संपवावे लागतील."