मध्यंतरातला घोट

"बघ, पुन्हा प्यायला," जोलीन म्हणाली आणि तिनं मोबाइल वर धरला.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, गोलच्या जाळ्यामागं, ग्लेन एकटाच उभा होता. हातात झाकणाचा हिरवा स्टीलचा मग. जोलीनशी घटस्फोट झाल्यापासून तो पालकांच्या खुर्च्यांकडे फिरकत नसे. लेक एल्सी गोलकीपर, त्यामुळे तिच्या जाळ्यामागं ही त्याची हक्काची जागा.

"दिसतंय का काही?" शेजारच्या खुर्चीतून डॉनानं विचारलं.

"मग दिसतोय. आतलं कसं दिसणार?"

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्या गावात शनिवारच्या सामन्याला प्रत्येकाच्या हातात असा मग असायचाच. आत काय आहे हे कुणी कुणाला विचारायचं नाही, एवढी रीत मात्र सगळे इमानेइतबारे पाळत. समोर पोरी फुटबॉल खेळायच्या आणि इकडे खुर्च्यांवरचं हसणं हळूहळू मोठं होत जायचं. सरोवरावरून वारा असा यायचा की कानाच्या पाळ्या बधिर व्हाव्यात. कुणी कुणाला दोष द्यायचा?

ग्लेनची गोष्ट वेगळी होती. लेकीसमोर दारूला शिवलास तर तिची भेट बंद, असं न्यायालयानं त्याला बजावलं होतं. सोमवारी तारीख होती आणि जोलीनला त्याआधी पुरावा हवा होता. एल्सी कायमची आपल्याजवळ राहावी, यापलीकडे तिला काही नको होतं. त्या पोरीवर तिचा खरोखर जीव होता.

भ्यायला कारणही होतं. लग्न मोडलं ते ग्लेनच्या बाटलीपायी. त्यात आता तो पोरीला फितवायला लागला होता. गेल्या शनिवारी पोरीला न्यायचा दिवस जोलीनचा असूनही एल्सी बापाच्या गाडीतून घरी आली. त्याच्या आदल्या शनिवारीही तेच. एकदा म्हणे त्याच्या कुत्रीची पिल्लं बघायची होती, एकदा बूट त्याच्या गाडीत राहिले होते.

डॉना थर्मास घेऊन रांगेतून फिरली. "थंडीचं औषध," ती दर शनिवारी म्हणायची. जोलीननं ग्लेनवरची नजर न काढता आपला लाल मग पुढे केला.

मध्यंतराची शिट्टी झाली. बाकीच्या पोरी संत्र्याच्या फोडींकडे धावल्या. एल्सी धावली ती बापाकडे. तिनं त्याच्या हातातला मग घेतला, झाकण काढलं, एक लहानसा घोट घेतला आणि क्षणभर थांबली. मग काहीतरी बोलली. ग्लेननं मान डोलावली. ती पळत मैत्रिणींकडे गेली.

"आलं का मोबाइलमध्ये?" डॉना कुजबुजली.

"आलं." जोलीनचा आवाज कापत होता, हातही. "अगं, अकरा वर्षांच्या पोरीला पाजतोय हा माणूस! पोटच्या पोरीला!"

"पोलिसांना बोलव सरळ."

"सामना संपू दे. तिच्यासमोर तमाशा नको." जोलीननं एक मोठा घोट घेतला, तेव्हा कुठे तिचा हात थांबला. "आहे का गं अजून थोडं?"

डॉनानं ओतलं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि ग्लेनही एल्सीच्या मागोमाग अलीकडच्या टोकाला आला. आता तो खुर्च्यांपासून हाकेच्या अंतरावर होता. सामना बरोबरीत चालला होता. समोरच्या संघातली उंच पोरगी एल्सीच्या अंगावर धडकली, तशी जोलीन उठून ओरडली, "ओ पंच, डोळे घरी ठेवून आलात का? की बायकोला दिलेत सांभाळायला?"

खुर्च्या खदखदल्या. एल्सीनं एकदा त्या रांगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढचा चेंडू तिच्या दोन्ही हातांमधून जाळ्यात गेला.

"बघितलंस? बाप जवळ आला की लक्ष उडतं तिचं," जोलीन म्हणाली.

एल्सीचा संघ सामना हरला. जोलीन उठली तशी मांडीवरची शाल खुर्चीत अडकली आणि खुर्चीच आडवी झाली. "पाय आखडले मेले थंडीनं," ती हसून म्हणाली. तिनं मोबाइलचा कॅमेरा सुरू केला आणि तो छातीशी धरून, दुसऱ्या हातात मग घेऊन, ती तरातरा ग्लेनकडे निघाली.

"मगात काय आहे, ग्लेन?"

हा प्रश्न त्या मैदानावर कुणी विचारत नसे. मागच्या खुर्च्यांवरच्या माना इकडे वळल्या.

ग्लेननं तिच्या हातातल्या लाल मगाकडे पाहिलं. "मला कशाला विचारतेस? एल्सीला विचार. तिला माहीत आहे."

"लाज नाही वाटत? एवढ्याशा पोरीला दारूची चव कळते आणि तू तोंड वर करून सांगतोस?"

"कळते," ग्लेन म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

जोलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यापेक्षा चांगला कबुलीजबाब वकीलबाईंनाही काढता आला नसता. ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात एल्सी खांद्यावर पिशवी अडकवून त्यांच्यापाशी आली. गुडघे चिखलानं भरले होते, डोळे लाल होते.

जोलीननं आवाज मऊ केला. "चल राणी, आज तू माझ्याकडे. घरी जाऊन गरम गरम सूप करू." तिनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

एल्सी जागची हलली नाही. तिनं उजवा हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

"आई, तुझा मग दे."

"कॉफी होती गं. संपली."

हात तसाच पुढे राहिला. ग्लेननं नजर वळवली. शेवटी जोलीननं लाल मग लेकीच्या हातात दिला.

एल्सीनं झाकण काढलं, एक लहानसा घोट घेतला आणि क्षणभर थांबली. नंतर झाकण नीट घट्ट लावून मग आईला परत दिला, आणि खांद्यावरची पिशवी काढून बापाच्या हातात दिली.

"बाबा, आजही घरी तूच सोड."