मचूळ

गावात तिसऱ्या घरीही कोराच चहा समोर आला, तेव्हा नलिनीताईंना राहवलं नाही. "इथं दुधाचा चहा कुणी पीतच नाही का?"

"पद्धत आहे इथली," एजंट घाईघाईने म्हणाला.

यशवंतरावांच्या फंडात बसेल असं समुद्रकाठचं घर शोधत नवराबायको आठवडाभर कोकणात फिरत होती. गुहागर परवडेना, वेंगुर्ला लेकीपासून फार लांब. इथलं कौलारू घर मात्र निम्म्या किमतीत मिळत होतं. ओटीवर बसलं की समोर समुद्र. यशवंतराव मनाने तर कालच राहायला आले होते.

"पद्धत कसली?" चहा घेऊन आलेल्या अनसूयाकाकी म्हणाल्या. त्या कौलारू घराच्या शेजारी त्या एकट्याच राहत. "होळी झाली की विहिरी मचूळ होतात. दूध घातलं की फाटतं. प्यायचं तेवढं पाणी वरच्या वाडीतून आणावं लागतं, ते चहाला कुठलं पुरायला?"

एजंट अंगणाकडे बघू लागला. दुधाच्या चहाशिवाय ज्यांची सकाळ होत नसे, त्या यशवंतरावांनी कप खाली ठेवला. "बरं झालं, आधीच कळलं. निघूया."

नलिनीताई उठल्या नाहीत. "काकी, घर विकलं गेलं असतं तर तुम्हाला सोबत झाली असती. तरी सांगितलंत?"

"सोबत हवीच हो," काकी म्हणाल्या. "पण उद्या इथं चहा तुम्हीच करणार होतात ना?"

नलिनीताईंनी नवऱ्याचा कप उचलून पुढे केला.

"यांना अजून घोटभर द्या. सवय करायला हवी."